दिलेलीच भाजी शिजविली जाईल

तक्रारदार: खाली सही करणारा इसम, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जनवीस, मूळ राहणार अमरावती, हल्ली मुक्काम अकोला. नाव देत नाही.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो: सदर इसम स्वतः.

ज्याच्यावर अन्याय झाला तो: अकोल्यास स्टेशनाच्या रस्त्यावर खाणावळ चालविणारा एक चिनी गृहस्थ. त्याचे खरे नाव मला तेव्हाही नीट उच्चारता येत नव्हते. गावात त्यास चिनीसेठ म्हणत.

काळ: ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडला त्यानंतरचा हिवाळा. नेमकी तारीख माझ्या अर्जांच्या प्रतिवहीत आहे. ती वही मी उघडत नाही.

साक्षीदार: पहिला, मोर्णा नदीकाठचा एक माळी, ज्याची पानकोबी होती. दुसरी, माझी पत्नी, जिने पुढे सांगितलेला डबा घासला. तिसरा, बडनेरा स्टेशनावरील एक हमाल, जो आज मला पाहून ओळखणार नाही.

हकीकत येणेप्रमाणे.

मी मराठी पाचवीपर्यंत शिकलो. पुढील शिक्षण कचेरीच्या आवारातील कडुलिंबाखाली, एका वृद्ध अर्जनविसाच्या चटईच्या कडेला बसून झाले. त्यांच्या पश्चात ती जागा, ते उतरते मेज आणि ती दौत माझ्याकडे आली. माझ्या अक्षराबद्दल मी काही बोलणे बरे नव्हे. परंतु ज्या कारकुनांनी माझे अर्ज वाचले, त्यांनी ते कधी परत लिहून आणावयास सांगितले नाहीत, एवढे नमूद करतो.

अर्ज कलमवार लिहावा, अशी माझी शिस्त आहे. पहिल्या कलमात अर्जदार कोण, दुसऱ्यात घडले काय, असे करीत शेवटचे कलम येते. हे शेवटचे कलम मी स्वतः तयार केलेले होते व ते माझ्या प्रत्येक तक्रारअर्जात असे. त्याचा मजकूर असा: "सबब सदर इसमाचे एकंदर वर्तन संशयास्पद असून, त्यापासून सार्वजनिक शांततेस व सरकारच्या हितास धोका पोहोचण्याचा पूर्ण संभव आहे." कोणाची शेळी दुसऱ्याच्या वावरात शिरली, तरी हे कलम. शेजाऱ्याने मोरीचे पाणी रस्त्यावर सोडले, तरी हेच कलम. त्यावाचून अर्ज बोडका दिसे. अर्ज वर जात, त्यांवर शिक्का बसे, आणि शेळ्या पूर्वीप्रमाणेच वावरात शिरत. हे कलम कोणी वाचत असेल, असे मला कधी वाटले नाही. वाचून दाखविताना मी ते अर्जदारालाही वाचून दाखवीत नसे. ते साहेबासाठी आहे, एवढे सांगून मी अंगठ्याला शाई लावीत असे.

चिनीसेठ त्या वर्षी रंगूनकडून आला. बरीच वाट पायी चालून, मग कलकत्त्याहून आगगाडीने. त्याचा कोणी नातलग पूर्वी रेशमी कापडाचे गाठोडे सायकलला बांधून अंजनगाव सुर्जीपर्यंत फिरत असे. त्यास शोधीत तो अकोल्यास उतरला. नातलग सापडला नाही, पण त्याची खोली सापडली, आणि त्या खोलीत याने दोन चुली मांडल्या. माणूस माझ्याच वयाचा, बारीक, कपाळावर घाम पुसण्याचा पंचा बांधलेला. बोलणे तोडक्या हिंदुस्थानीत.

आरंभी त्याच्याकडे गाड्यांतून उतरणारे शिपाई आणि रेल्वेचे लोक जात. मग गावचे लोक पाहावयास गेले, आणि पाहता पाहता खावयास बसले. त्याच्या शेवया तिखटमिठाच्या असतात, हा पहिला धक्का. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी त्यांवर दूध-साखर मागितली आणि ती मिळेपर्यंत हात आखडून बसून राहिले. त्याने दूध-साखर आणून दिली. त्यांनी ती कालवली, एक घास घेतला, आणि पुढचा घास घेण्यापूर्वी पाणी मागितले. लोक पदरच्या भाकरी आणीत व त्याच्या कढणात कुस्करीत. कोणी कागदात ठेचा बांधून आणीत. चिनीसेठ त्या ठेच्याचा वास घेई, मान मागे घेई, आणि पुढल्या वेळी स्वतःच त्या माणसाच्या ताटाजवळ दोन मिरच्या ठेवी.

त्याच्याजवळ एका बाटलीत काळे पाणी असे, ते तो भाजीवर शिंपडी. ही शाई आहे, अशी गावात बोलवा उठली. तेव्हा लोकांनी माझ्याकडे पाहिले, कारण शाईच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण होता. मी खिशातील टाक काढला, त्या बाटलीत बुडविला, आणि सर्वांसमक्ष कागदावर "श्री" लिहिले. अक्षर फिके उमटले व पसरले. ही शाई नव्हे, खाण्यास हरकत नाही, असे मी जाहीर केले. त्या दिवसापासून चिनीसेठने माझी जागा ठरवून टाकली: दाराजवळच्या बाकाचे आतले टोक, जेथून चूल दिसते. तो मला मुन्शीजी म्हणू लागला.

परंतु पोटात काय जाते, ही शंका लोकांच्या मनातून जाईना. तेव्हा त्याने एक रीत पाडली. दारात फळीवर भाज्यांच्या टोपल्या मांडून ठेवल्या. गिऱ्हाइकाने हवी ती भाजी ताटलीत काढावी, किंवा घरून आणलेली द्यावी, आणि चुलीकडच्या खिडकीतून आत सरकवावी. तो ती वर धरून दाखवी, त्याच्या देखत चिरी, आणि जे मांस खात नाहीत त्यांची भाजी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या कढईत परती. बोलण्याचे कारणच पडत नसे. तयार झाले की झारा कढईच्या काठावर दोनदा वाजवी, आणि ज्याचे असे त्याच्याकडे पाही. आधी आवाज, मग ती नजर. कोणाचे कोणते ताट, हे तो कधी चुकला नाही.

या रीतीची पाटी मी लिहिली. पत्र्यावर, पांढऱ्या रंगात. त्याला दोनच ओळी हव्या होत्या: येथे चिनी पद्धतीचे ताजे भोजन मिळते, ग्राहकाने आपली भाजी आपण निवडून द्यावी. खाली एका ओळीची जागा उरली. लिहिलेल्या मजकुराखाली कोरी जागा सोडणे माझ्या धंद्यात चालत नाही, कारण तेथे दुसरा कोणी काही लिहू शकतो. म्हणून मी माझ्या मनाने तिसरी ओळ घातली: "दिलेलीच भाजी शिजविली जाईल, त्यात अदलाबदल होणार नाही."

त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून हे काय, असे विचारले. मी म्हणालो, "इज्जत की बात है." त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि पाटीला हात जोडले.

त्याच्याकडे नेमाने येणाऱ्यांत मोर्णेकाठचा एक माळी होता. तीन पिढ्यांचा मळा, आणि पानकोबी अशी की बाजारात त्याची टोपली आधी रिकामी होई. चिनीसेठही बरीचशी भाजी त्याच्याकडूनच घेई. बाजारच्या दिवशी विक्री आटोपली की माळी स्वतःसाठी मागे ठेवलेला एक गड्डा काखेत मारून येई, खिडकीतून आत देई, आणि भाकरीचे फडके सोडून बसे. दोघांची भाषा एक नव्हती, तरी थट्टा चाले. "काहून सेठ," तो म्हणे, "इतकी वाफ काढता अन् तिखटाले लाजता?" चिनीसेठला त्यातले फक्त तिखट कळे. तो मिरची उचलून दाखवी, आणि सारा बाक हसे.

ज्या दिवसाची तक्रार आहे, त्या दिवशी बाकावर जागा नव्हती. मी माझ्या टोकाला होतो. माळ्याने गड्डा आत दिला आणि तो ओळखीच्या एकाशी बोलत पाठ करून बसला. झारा दोनदा वाजला. ताट आले. त्याने दोन घास घेतले आणि थांबला. एक फोड बोटांत धरून उजेडाकडे केली.

"ही माही पानकोबी नोय," तो म्हणाला.

कोणी तरी हसले. तो म्हणाला, "माही पानकोबी शिजली तरी दाताले लागते. हे मऊ पडलं. माह्या वावरातलं मी ओयखतो." चिनीसेठ खिडकीत हात पुसत उभा होता. त्याने नुसते स्मित केले, आणि तेच वाईट झाले. पलीकडून एक जण म्हणाला, "भाऊ, आता पानकोबीच्या कपायावर नाव लिवत जा." मग कोणी पाटीवरची तिसरी ओळ मोठ्याने वाचली, आणि सगळा बाक हसला. माळ्याने भाकरी तशीच फडक्यात बांधली व तो उठून गेला. मी माझे ताट संपविले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कडुलिंबाखाली आला. पाटी मी लिहिली, तेव्हा त्या पाटीवरची तक्रारही मीच लिहावी, असे त्याचे म्हणणे होते. त्यात मला माझे कौतुक वाटले, हे लपवीत नाही. त्याने काय हवे तेही स्पष्ट सांगितले.

"मले त्याचं दुकान बंद नाही कराचं, भाऊ. ज्या लोकाईत मी हासू झालो, त्याच लोकाईत त्यानं कबूल करावं. बस."

मी लिहिले. पानकोबीची अदलाबदल हा विषय अर्जास हलका पडतो, असे मला वाटले, म्हणून भाषा वजनदार केली. पाटीवरील तिसरी ओळ शब्दशः उतरवली. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार म्हणून माझी स्वतःची सही केली, जरी मी चुलीकडे पाहत नव्हतो, माझ्या ताटाकडे पाहत होतो. शेवटी नेहमीचे कलम घातले. हात आपोआप लिहीत गेला. माळ्याला मी पाच कलमे वाचून दाखविली, सहावे साहेबासाठी म्हणून सोडले, आणि त्याचा अंगठा घेतला. हा अर्ज अकोल्यातच देता आला असता. परंतु मोठ्या ठिकाणचा पत्ता वर लिहिला की कागद शोभून दिसतो. म्हणून तो मी अमरावतीच्या वरच्या कचेरीस रवाना केला.

ते दिवस कसे होते, हे वाचणाऱ्यास आठवत असेल. स्टेशनावर शिपाई, दिव्यांवर काळे कागद, आणि परक्या तोंडवळ्याचा माणूस दिसला की लोक जपानी म्हणून कुजबुजत. मी हे सर्व जाणून होतो. वर्तमानपत्र मी इतरांस वाचून दाखवीत असे. तरीही माझे कलम आणि ते दिवस, या दोन गोष्टी एकमेकींस कधी भेटतील, हे माझ्या डोक्यात आले नाही.

काही आठवड्यांनी चिनीसेठ हातात कागद घेऊन माझ्या मेजापुढे येऊन बसला. कपाळाचा पंचा सोडून त्याने हातात धरला होता. "मुन्शीजी, क्या लिखा?"

अमरावतीहून नोटीस होती. अमुक दिवशी समक्ष हजर राहून खुलासा करावा, न केल्यास या मुलुखात राहण्याची परवानगी रद्द होईल. कशाचा खुलासा, तेही खाली उतरवून दिले होते. पानकोबीबद्दल एक ओळ होती. तिच्यानंतर माझे सहावे कलम होते, अक्षरशः, खाली रेघ मारून. माझे वाक्य दुसऱ्याच्या अक्षरात मी आयुष्यात प्रथम पाहत होतो.

मी त्यास नोटीस वाचून दाखविली. पानकोबीची ओळ वाचली. पुढची वाचली नाही. मी ठरवून गाळली, असे म्हणता येत नाही. वाचता वाचता त्या जागी माझा आवाज नेहमी थांबतो, तसा तो थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला नाही.

पानकोबी म्हणताच त्याचा चेहरा सैल झाला. तो हसला. मग इकडेतिकडे पाहून त्याने तर्जनी वाकविली आणि माझ्या मेजावरून अळीसारखी सरकवत नेली. हळूहळू मला उमगले. त्या दिवशी त्याने माळ्याचा गड्डा चिरला, तो आतून अळ्यांनी पोखरलेला निघाला. माळी पाठ करून बसलेला. बाकावरचे निम्मे लोक त्याचेच गिऱ्हाईक. याने तो गड्डा मुकाट्याने बाजूला सारला आणि स्वतःच्या टोपलीतला, दुसऱ्या मळ्यातून आलेला चांगला घेतला.

"सब लोग उससे लेता," तो म्हणाला. "कीड़ा बोलेगा, उसका इज्जत जाएगा."

तो शब्द मीच त्याला दिला होता.

या ठिकाणी मी खरे सांगावयास हवे होते. सांगितले नाही, याची कारणे लिहितो. लढाईच्या दिवसांत बिनबुडाचा मजकूर साक्षीदार म्हणून सही करून सरकारात पाठविला, असे ठरले असते, तर माझा अर्जनविसाचा परवाना गेला असता. हे एक. दुसरे असे की कडुलिंबाखाली माझ्यासमोर त्या वेळी आणखी तीन अर्जदार बसले होते, आणि त्यांच्या देखत माझे कलम खोटे आहे, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. दुसरे कारण खरे तर पहिले होते.

मी त्यास उत्तर लिहून दिले. दोन पाने. पानकोबीच्या शुद्धतेविषयी इतके चांगले लिखाण माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते. सहाव्या कलमाविषयी त्यात एक अक्षर नव्हते. तो म्हणाला, तुम्ही बाकावर होतात, तुम्ही बरोबर चला आणि साहेबाला सांगा. मी येतो म्हणालो.

आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. त्याने कोट घातला होता; तो त्याला मोठा होता, बहुधा त्या नातलगाचा असावा. हातात दोन पुडांचा, एकावर एक बसणारा डबा. छातीच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही तरी. मूर्तिजापूर गेल्यावर त्याने ते उघडून दाखविले. पानकोबीचे वाळलेले पान होते, भोकाभोकांचे. त्याने ते पुरावा म्हणून जपून ठेवले होते. कीड़ा शब्दास मराठीत काय म्हणतात, असे त्याने विचारले. साहेबाशी साहेबाच्या कचेरीच्या भाषेत बोलावे, असे त्याच्या मनात होते. मी सांगितले. मग बडनेऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत घोकत राहिला: अळी होती, साहेब. अळी होती, साहेब. उच्चार चुकला की माझ्याकडे पाही, आणि मी दुरुस्त करीत असे. दोन वेळा दुरुस्त केल्यावर त्याला बरोबर जमू लागले.

बडनेऱ्यास उतरून अमरावतीची लहान गाडी धरावी लागते. ती उभीच होती. आम्ही डब्यात बसलो. त्याने कोट सारखा केला. मी तांब्या उचलला आणि पाणी घेऊन येतो, असे सांगून खाली उतरलो. नळापर्यंत गेलो. तांब्या भरला. नळापलीकडे एक खांब आहे. मी त्या खांबाआड उभा राहिलो आणि पुढे हललो नाही. पाय धरून आले, असे मी पुढे घरी सांगितले. पाय चांगले होते.

शिटी झाली. गाडी हलण्यापूर्वी त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. त्याने फलाटावर कोठे शोधले नाही. सरळ खांबाकडे पाहिले. मग डबा खिडकीच्या चौकटीवर ठेवून त्याच्या झाकणावर बोटाने दोनदा वाजविले, जवळून जाणाऱ्या एका हमालाच्या हातात तो दिला, आणि माझ्याकडे बोट केले.

हमाल येऊन म्हणाला, "त्या चिन्यानं हे तुमाले देल्लं."

गाडी गेली. मी बाकावर बसून डबा उघडला. वरच्या पुडात माझे नेहमीचे होते: शेवया, कांद्याची पात, बेताचे काळे पाणी, कडेला दोन मिरच्या. खालच्या पुडात तेच, मिरच्यांवाचून. तो त्याचा वाटा होता. मी माझा वाटा खाल्ला. भूक लागली होती, एवढेच कारण देऊ शकतो. खालचा पूड तसाच बंद करून परतीच्या गाडीने अकोल्यास आलो. तो अमरावतीस उपाशी गेला.

तेथे काय झाले, ते मला पुढे त्या कचेरीतील एका चपराश्याने सांगितले. त्यास रंगूनविषयी विचारले, नातलगाविषयी विचारले, स्टेशनाजवळच खोली का घेतली, हे विचारले. प्रत्येक प्रश्नास तो शुद्ध मराठीत एकच उत्तर देई आणि ते पान पुढे करी. प्रथम लोक हसले. पुढे कोणी हसले नाही. माझी दोन पाने साहेबाने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलेल्या गोष्टीचा यात उल्लेखच नाही, असे म्हणून बाजूला ठेवली. साक्षीदार हजर आहे काय, असा पुकारा दाराबाहेर तीनदा झाला. त्यानंतर त्यास नागपूरच्या बाजूस नेले. त्यापुढे चपराश्यास ठाऊक नव्हते, आणि मलाही नाही.

खोलीला कुलूप लागले. पाटी मात्र बरेच दिवस होती. माझे अक्षर, माझ्या तीन ओळी, खाली बंद दार. लोक तेथून जाताना ती वाचून दाखवीत व पानकोबीची गोष्ट सांगत. मी लांबचा रस्ता धरू लागलो.

माळी एके दिवशी आला. बसला नाही. चिनीसेठ कोठे गेला, हे त्याने विचारले, आणि मी या खेपेस सहाही कलमे सांगितली. मग म्हणाला, "मी त तुमाले फकत पानकोबीचं लिवाले सांगतलं होतं, भाऊ."

मी अळीचे सांगितले. त्या हंगामात मळ्यात अळी पडली होती, हे त्याला ठाऊक होते, असे तो म्हणाला. वरून चांगला दिसणारा गड्डा त्याने निवडून आणला होता. "मले वाटलं, त्याले समजणार नाही," तो म्हणाला, आणि निघून गेला. तेव्हापासून तो आमच्या दारावरून जातो, माझ्या पत्नीस भाजी देतो, तिची विचारपूस करतो. मी ओट्यावर असलो तर टोपली न उतरविता पुढे जातो.

खालच्या पुडातील अन्न मी कोणास दिले नाही. दोन दिवसांनी पत्नीने डबा उघडला, परसात नेऊन रिकामा केला, आणि राखेने घासला. "आवं, हा डबा कोनाचा हाये?" तिने विचारले. मी सांगितले. तिने तो पुसून फडताळात ठेवला. दर दिवाळीस ती फडताळ आवरताना तो काढून घासते, आणि दर वेळी विचारते, "हा त्याले द्याचा कवा?"

लढाई संपली. माझा परवाना शाबूत आहे, चटई त्याच जागी आहे. मी अर्ज लिहितो, परंतु शेवटचे कलम लिहीत नाही. पाचव्या कलमाखाली जागा उरते. ती कोरी ठेवणे धोक्याचे म्हणून मी तेथे आडवी रेघ मारतो. टाक त्या जागी आला की भर दुपारी, माणसांच्या गलक्यात, झारा कढईच्या काठावर दोनदा वाजतो. मी मान वर करतो. ताट कोणाचे, हे त्याच्या नजरेवरून कळत असे. आता नजर दिसत नाही, तेव्हा ते माझेच असावे.

कामानिमित्त अमरावतीस जावे लागते. बडनेऱ्यास मी उतरून गाडी बदलतो, पण त्या नळाचे पाणी पीत नाही. खांब अजून आहे. एकदा लहान गाडीत बसल्यावर मी त्याच्या जागेवरून त्या खांबाकडे पाहिले. खांब अरुंद आहे. त्यामागे उभा माणूस झाकत नाही. दोन्ही खांदे दिसतात, आणि हातात तांब्या असला तर तोही दिसतो.

सबब अर्जदाराची नम्र विनंती अशी:

त्याचा ठावठिकाणा ज्या कोणास ठाऊक असेल, मग तो कोणत्याही मुलुखात, कोणत्याही चुलीपुढे असो, त्याने हा मजकूर त्यास पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवावा. कोठेही गाळू नये. अर्जदार माफी मागत नाही, कारण ती देण्या-न देण्याचा अधिकार मागणाऱ्याकडे नसतो. त्यास केवळ एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. डबा खिडकीबाहेर दिला, त्या क्षणी सहावे कलम कोणाचे आहे, हे आपणास कळले होते काय? कळले नव्हते, तर आपण तो डबा एका मित्रास दिला. कळले होते, तर कोणास दिला, हे अर्जदारास अद्याप समजलेले नाही.

उत्तर एका शब्दाचे असले तरी चालेल. ते कोणत्याही भाषेत असो. वाचून घेण्याची तजवीज अर्जदार करील. उत्तर येईपर्यंत डबा घासून, पुसून, जागेवर आहे.

येणेप्रमाणे हकीकत खरी असून तीत काही अदलाबदल केलेली नाही. खाली जागा कोरी सोडली आहे.